माल आपला, रस्ता दुसऱ्याचा : ‘इंडियागेम्स’च्या उदयास्तातून घ्यावयाचा धडा

बजाजनगर : पंधरा वर्षांपूर्वी आपल्या बजाजनगरच्या बाजारपेठेत मोबाईल दुरुस्तीच्या जवळजवळ प्रत्येक दुकानावर ‘येथे डाऊनलोडिंग करून मिळेल’ अशी पाटी असे. कारखान्याची पाळी सुटली की रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर येथे खोली करून राहणारी कामगार मुले मेमरी कार्ड घेऊन दुकानात येत. दहा-वीस रुपयांत गाणी, एखादा चित्रपट आणि दोन-चार गेम भरून घेऊन जात. या कामावर आपल्या कितीतरी तरुणांचे संसार उभे राहिले. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, प्रत्येकाच्या हातात स्वस्त इंटरनेट आले आणि बघता बघता त्या पाट्या उतरल्या. दुकानदाराने काही चूक केली नव्हती. त्याच्याकडे येणारा गिऱ्हाईकच दुसऱ्या वाटेने जाऊ लागला होता.

याच काळात मुंबईतील एका फार मोठ्या कंपनीचे नावही बाजारातून पुसले गेले. मोबाईलवरील गेम तयार करून विकणारी ही कंपनी म्हणजे ‘इंडियागेम्स’. एकेकाळी या धंद्यातील देशातील अग्रगण्य कंपनी म्हणून तिची ओळख होती. बजाजनगरचा छोटा दुकानदार आणि मुंबईची ही मोठी कंपनी यांची कधी गाठ पडली नाही, परंतु दोघांच्या उतरणीचे एक मुख्य कारण सारखेच होते. व्यापारी व कारागीर बंधूंनी हे कारण नीट समजून घ्यावे, यासाठी हा लेख.

गेमचा ‘प्रकाशक’ म्हणजे कोण?

पुस्तकाच्या धंद्यात लेखक वेगळा, प्रकाशक वेगळा आणि दुकानदार वेगळा असतो. गेमच्या धंद्यातही तसेच असते. गेमची कल्पना मांडणारे, चित्रे काढणारे आणि संगणकाची भाषा लिहिणारे लोक हे कारागीर. प्रकाशक भांडवल घालतो, एखाद्या प्रसिद्ध चित्रपटाचे किंवा खेळाडूचे नाव वापरण्याचा हक्क विकत घेतो, जाहिरात करतो आणि माल गिऱ्हाईकापर्यंत पोचवतो. नफा झाला तर मोठा वाटा त्याचा आणि तोटा झाला तर मोठा खड्डाही त्याचाच. इंडियागेम्स स्वतः गेम तयार करीत असे आणि प्रकाशितही करीत असे.

विशाल गोंदल या तरुणाने १९९९ मध्ये मुंबईत ही कंपनी काढली. त्या वेळी आपल्याकडे घरोघरी संगणक नव्हते आणि गेम विकत घेणारेही फारसे नव्हते. सुरुवातीला कंपनीने मोठ्या उत्पादकांच्या जाहिरातीसाठी छोटे छोटे गेम तयार करून दिले. परंतु तिचे नशीब उघडले ते मोबाईलमुळे.

उदय कसा झाला?

२००३ साली रिलायन्सच्या ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपये भरून मोबाईल मिळू लागला. नोकियाचे हँडसेट हातोहात दिसू लागले. मोबाईल ही श्रीमंतांची चीज राहिली नाही. रिक्षावाल्यापासून वेल्डरपर्यंत सर्वांच्या खिशात तो आला. त्या फोनवर जावा नावाच्या तंत्राने लिहिलेले लहान गेम चालत. गिऱ्हाईक आपल्या टेलिफोन कंपनीच्या मेनूत जाऊन गेम निवडी आणि पैसे त्याच्या बॅलन्समधून कापले जात. क्रेडिट कार्ड नको आणि दुकानात जाणेही नको. भारतासारख्या देशाला ही सोय फार मानवली.

इंडियागेम्सने ही संधी वेळीच ओळखली. स्पायडरमॅन, ब्रूस ली अशा जगप्रसिद्ध नावांचे हक्क मिळवून तिने गेम बाजारात आणले. क्रिकेटवरील गेम आपल्याकडे खूप खेळले गेले. २०११ मध्ये शाहरुख खानच्या ‘रा.वन’ चित्रपटावर तिने गेम केला. परदेशातील टेलिफोन कंपन्यांनाही ती माल देऊ लागली.

हे काम वाटते तेवढे सोपे नव्हते. प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, बटणे वेगळी, ताकद वेगळी. म्हणून एकच गेम शेकडो हँडसेटसाठी पुन्हा पुन्हा बसवावा लागे. आपल्या शिंपी बांधवांना हे चटकन समजेल. कापड आणि नमुना एकच असला तरी शंभर गिऱ्हाइकांची शंभर मापे घ्यावी लागतात. हे काम मुंबईत कमी खर्चात आणि चांगल्या दर्जाचे होई. कंपनीची खरी ताकद तीच होती.

भांडवलासाठी मालकांनी हिस्सा विकण्याचा मार्ग धरला. २००५ च्या सुमारास चीनमधील टॉम ऑनलाइन कंपनीने सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा घेतला. पाठोपाठ सिस्को आणि मॅक्रोमीडिया या अमेरिकन कंपन्यांनीही पैसे गुंतवले. २००७ मध्ये मुंबईच्या यूटीव्ही कंपनीने बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. २०११ मध्ये डिस्नेने इंडियागेम्स पूर्ण ताब्यात घेण्याचा व्यवहार केला आणि २०१२ मध्ये यूटीव्हीही डिस्नेच्या हाती गेली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले, आता कंपनी शिखरावर पोचली.

पन्नास रुपयांचा हिशेब

वरवर दिसणाऱ्या या वैभवाच्या आत काय चालले होते, हे समजण्यासाठी एक साधा हिशेब करू. समजा, बजाजनगरच्या एखाद्या मुलाने पन्नास रुपयांचा गेम घेतला. त्या काळात भारतातील टेलिफोन कंपन्या अशा विक्रीतील साधारण ६० ते ७० टक्के रक्कम स्वतःकडे ठेवीत. म्हणजे तीस ते पस्तीस रुपये तिथेच गेले. उरलेल्या पंधरा-वीस रुपयांतून प्रसिद्ध नावाच्या मालकाचा वाटा द्यायचा, मध्यस्थ असल्यास त्याला द्यायचे, शेकडो हँडसेटवर गेम बसवण्याचा खर्च काढायचा आणि मग जे उरेल तो प्रकाशकाचा नफा.

टेलिफोन कंपनी एवढा वाटा का घेऊ शकत होती? कारण गिऱ्हाईक तिचा होता. बिल तिचे, मेनू तिचा आणि मेनूत कोणाचा गेम वर ठेवायचा हा निर्णयही तिचाच. प्रकाशकाला गिऱ्हाइकाचे नावसुद्धा ठाऊक नसे. माल आपला, पण गल्ला दुसऱ्याचा, अशी ही स्थिती होती.

अस्ताची कारणे

पहिले कारण चोरीच्या प्रती. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली मेमरी कार्डाची दुकाने आठवा. तिथे भरल्या जाणाऱ्या गेमचा एक पैसाही तो तयार करणाऱ्याला मिळत नव्हता. हे आपल्यापैकीच काहींनी केले, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. ‘हवेतल्या मालाला कसला हक्क?’ असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. वास्तविक आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील बैठकीतच व्यापारी नाव, लेखन आणि शोध यांवरील हक्क शरीअतनुसार संरक्षित आहेत, त्यांवर अतिक्रमण करता येणार नाही, असा निर्णय दिला आहे. कारागिराचा घाम हाताला लागत नाही म्हणून त्याची मजुरी माफ होत नाही.

दुसरे कारण गिऱ्हाइकाचा उडालेला विश्वास. मोबाईलवरील या सेवांच्या धंद्यात काही लोकांनी अशी रीत पाडली की, गिऱ्हाइकाचे बोट चुकून एखाद्या बटणावर पडले तरी दररोज किंवा दर आठवड्याला बॅलन्स कापला जाई. तक्रारींचा पाऊस पडला. अखेर ट्राय या नियामक संस्थेने २०११ मध्ये नियम कडक केले आणि २०१३ मध्ये गिऱ्हाइकाची संमती दोनदा घेतल्याशिवाय पैसे कापू नयेत असा आदेश काढला. परिणाम असा की संपूर्ण धंद्याची कमाई घसरली. काहींच्या लबाडीची झळ सचोटीने माल विकणाऱ्यांनाही बसली. खरेदी-विक्रीत दोन्ही बाजूंची राजीखुशी असावी, ही इस्लामी व्यापाराची मूळ अट आहे. ती मोडली की आधी बरकत जाते आणि मागून बाजारही जातो.

तिसरे कारण सर्वांत मोठे, आणि ते म्हणजे रस्ताच बदलला. २००८ मध्ये ॲपलने आपल्या फोनवर गेम विकण्याचे स्वतःचे दुकान उघडले. त्यात विक्रीचे ७० टक्के गेम करणाऱ्याला आणि ३० टक्के ॲपलला मिळत. पाठोपाठ गुगलचे अँड्रॉइड आले. आता गेम टेलिफोन कंपनीच्या मेनूतून नव्हे, तर या नव्या दुकानांतून जाऊ लागला. वाटा वाढला ही चांगली गोष्ट, पण त्याच दुकानात जगभरचे विक्रेते येऊन बसले. शिवाय गेम फुकट देऊन नंतर आतल्या वस्तू विकायच्या किंवा जाहिरातींवर कमवायचे, अशी नवी पद्धत रुळली. पन्नास रुपयांचा गेम घेणारा गिऱ्हाईक शेजारी फुकटचा गेम पाहून तिकडे वळला. टेलिफोन कंपन्यांशी वर्षानुवर्षे जोडलेले संबंध आणि शेकडो हँडसेटवर गेम बसवण्याचे कसब हीच इंडियागेम्सची पुंजी होती. दोन-चार वर्षांत त्या पुंजीचा भाव उतरला.

चौथे कारण मालकीचे. हिस्सा विकत विकत कंपनीचा निर्णय तिच्या संस्थापकाच्या हातून निघून गेला होता. नव्या मालकाच्या जगभर पसरलेल्या कारभारात मुंबईचे गेम हे एक छोटे खाते. कंपनीचे नाव बदलून ‘डिस्नेयूटीव्ही डिजिटल’ झाले. गोंदल २०१३ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी आरोग्यविषयक उपकरणांची ‘गोकी’ ही वेगळी कंपनी काढली. पुढील काही वर्षांत डिस्नेने भारतातील गेमचे काम आवरते घेतले आणि इंडियागेम्स हे नाव इतिहासजमा झाले.

पाठोपाठ याच मुलखात दुसरे उदाहरण घडले. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६ मध्ये आला. त्याला कोणाचे महागडे नाव विकत घ्यावे लागले नाही, कारण लुडो घराघरांत माहीत होता. गेम फुकट, कमाई मुख्यतः जाहिरातीतून आणि साध्या फोनवरही तो चाले. २०२० च्या टाळेबंदीत तो देशभर खेळला गेला. म्हणजे बाजार संपला नव्हता, जुनी वाट संपली होती.

अमेरिकेतही हेच घडले

ही केवळ आपल्याकडची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. व्हिडिओ गेमच्या धंद्याचा पाया घालणाऱ्या कंपन्यांत कॅलिफोर्नियातील ‘अटारी’चे नाव आधी घ्यावे लागते. ती १९७२ मध्ये निघाली आणि १९७६ मध्ये वॉर्नर कंपनीने ती सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. टीव्हीला जोडून खेळायचे तिचे यंत्र अमेरिकेत घरोघरी पोचले.

अटारीचे गेम लिहिणाऱ्या कारागिरांचे नाव डब्यावर छापले जात नसे. त्यांच्या गेमवर कंपनी कोट्यवधी डॉलर कमवी आणि त्यांना मात्र ठरावीक पगार मिळे. त्यांनी वाटा आणि नाव मागितले, ते नाकारले गेले. तेव्हा त्यांतील चौघे उत्तम कारागीर बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ ही कंपनी उभी करण्यात भाग घेतला. ती पुढे जगातील अतिशय मोठ्या गेम कंपन्यांपैकी एक झाली. कारागिराला दुखावणाऱ्या मालकाने स्वतःच आपला प्रतिस्पर्धी तयार केला.

दुसरी चूक घाईची. १९८२ च्या नाताळात विकण्यासाठी ‘ई.टी.’ या गाजलेल्या चित्रपटावरील गेम अवघ्या साडेपाच आठवड्यांत लिहून घेतला गेला. नाव मोठे आहे, तेव्हा माल खपणारच, या भरवशावर लाखो प्रती काढल्या. गेम लोकांना आवडला नाही, दुकानदारांनी माल परत पाठवला. १९८३ मध्ये न खपलेला माल ट्रक भरभरून न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरण्यात आला. २०१४ मध्ये ती जागा खणली तेव्हा त्या प्रती खरोखरच सापडल्या. १९८३ या एका वर्षात तोटा ५० कोटी डॉलरच्या वर गेला आणि १९८४ मध्ये वॉर्नरने अटारीचा घरगुती यंत्रांचा धंदा विकून टाकला.

वाळूजच्या वाचकांनी काय शिकावे?

वाचक विचारतील, आम्ही तर लोखंड कापणारे, शिवणकाम करणारे, कापड विणणारे माणसे. आमचा या गेमशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे.

१९८५ मध्ये बजाजचा वाळूज कारखाना सुरू झाला. आपल्या वसाहतीला नावही त्यावरूनच मिळाले. त्याच्या आधाराने सुटे भाग करणारे लहान कारखाने उभे राहिले. एक मोठा गिऱ्हाईक, नियमित ऑर्डर आणि आठवड्याचा पगार, या व्यवस्थेने हजारो घरे चालवली. परंतु रस्ता इथेही बदलतो. २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर सोडून केवळ मोटारसायकलवर लक्ष देण्याचे जाहीर केले. जानेवारी २०२० मध्ये ‘चेतक’ हे तेच जुने नाव परत आले, पण विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर. या स्कूटरला पिस्टन नाही, स्पार्क प्लग नाही, सायलेन्सर नाही, इंजिन ऑइल नाही. २०२४ मध्ये एथर या विजेच्या स्कूटरच्या कंपनीने आणि टोयोटा किर्लोस्करने आपल्या जिल्ह्यातील ऑरिक वसाहतीत कारखाना काढण्याचे जाहीर केले. पेट्रोलची गाडी उद्याच बंद होणार नाही. मात्र ज्याचे सर्व मशीन केवळ सायलेन्सर किंवा पिस्टनसाठी लावलेले आहे, त्याने आजपासून ब्रेक, चासी, बॅटरीचा डबा, वायरिंग अशा दोन्ही गाड्यांना किंवा नव्या गाडीला लागणाऱ्या कामाकडे एक तरी मशीन वळवावे. इंडियागेम्सला वाट बदलताना दिसत होती. पण जुन्या वाटेवर गल्ला भरत असताना नवी वाट धरणे सर्वांनाच जड जाते.

शहरातील हिमरू विणकरांची गोष्टही वेगळी नाही. रेशीम आणि सुताचे हे विणकाम हातमागावर सावकाश होते. यंत्रमागावरचा नकली माल त्याच नावाने पर्यटकांना विकला जातो आणि खऱ्या विणकराचे नाव कापडावर कुठेच नसते. अटारीच्या कारागिरांचे दुःख नेमके हेच होते. विणकराने आपल्या शालीवर स्वतःचे नाव, पत्ता आणि फोन नंबर घालण्यास आज मोठा खर्च लागत नाही. गिऱ्हाईक पुन्हा थेट कारागिराकडे येतो.

भागीदारीचाही प्रश्न आहे. व्याजाच्या कर्जाऐवजी नफा-तोट्यातील वाट्यावर भांडवल घेणे हे आपल्या दीनच्या जवळचे आहे. मात्र अर्ध्याहून जास्त हिस्सा दिला की निर्णयही दिला, हे आधी समजून घ्यावे. किती हिस्सा, कोणाचा शब्द अखेरचा, नाव कोणाचे राहील, भागीदार बाहेर पडल्यास काय, हे सर्व साक्षीदारांसमोर लिहून घ्यावे. पवित्र कुरआनमधील सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. तरीही ‘घरचाच माणूस आहे, लिहायचे कशाला?’ असे म्हणत आपण भावाभावांत वैर ओढवून घेतो, ही खेदाची बाब आहे.

एक सावधानतेची सूचनाही आवश्यक आहे. गेमच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांनी करमणूक आणि जुगार यांत फरक करावा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ शरीअतमध्ये तर हराम आहेतच, शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांवर बंदी घातली. अशा खेळांचे पैसे भरून देण्याचे किंवा त्यांची जाहिरात करण्याचे काम कमिशनच्या मोहाने कोणी पत्करू नये. चित्रकला, ॲनिमेशन, संगणकाची भाषा, आवाज देणे ही कामे मात्र हलाल रोजीची आहेत आणि त्यांना मागणी आहे.

शेवटी, प्रत्येक दुकानदाराने आणि कारागिराने महिन्याच्या हिशेबाला बसताना स्वतःला चार प्रश्न विचारावेत. माझा गिऱ्हाईक मला ओळखतो की केवळ मधल्या माणसाला? माझ्या विक्रीचा किती भाग एकाच ठिकाणाहून येतो? मालावरील नाव माझे आहे की भाड्याने घेतलेले? आणि ही वाट उद्या बंद झाली तर माझ्या हातात कोणते हुनर शिल्लक राहील?

इंडियागेम्सचे नाव गेले, परंतु तिथे शिकलेली माणसे वाया गेली नाहीत. ती इतर कंपन्यांत गेली, काहींनी स्वतःचे उद्योग काढले. बजाजनगरच्या डाऊनलोडिंगच्या दुकानांतही ज्यांनी फोन उघडून दुरुस्ती शिकून घेतली होती, ते आजही दुकान चालवीत आहेत. ज्यांच्याकडे केवळ पाटी होती, त्यांचे दुकान पाटीबरोबर गेले. अल्लाहतआला आपल्या सर्वांच्या हाताला हुनर आणि कमाईला बरकत देवो.